घरातले सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर

विंडोज एक्सपीत नवं खातं उघडायला गेलं की दोन पर्याय समोर यायचे: ‘कॉम्प्युटर ॲडमिनिस्ट्रेटर’ आणि ‘लिमिटेड’. आता सांगा, कापसाच्या पैशातून घेतलेल्या स्वतःच्या मशीनवर ‘लिमिटेड’ कोण होईल? वालूरला आमच्या घरी २००९च्या सुमारास कॉम्प्युटर आला, तेव्हा दुकानदाराने एकच खातं करून दिलं होतं. ॲडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड नसलेलं. ताई त्यावर एमएस-सीआयटीचा सराव करायची, मी गेम खेळायचो, आणि दोघंही मशीनचे पूर्ण मालक होतो.

मर्यादित खात्याची कल्पना घरात जन्मलेलीच नाही. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं, तेव्हा एका महागड्या मशीनवर बरेच जण बसत. सगळे अधिकार असलेलं खातं एकच, ‘रूट’, त्याचा क्रमांक शून्य. रूटचा पासवर्ड माहीत असलेला माणूसही रोजचं काम साध्या खात्यातून करी, ही पुढे रीतच पडली. १९७५मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर या दोघांनी ती नियम म्हणून मांडली: प्रत्येक वापरकर्त्याला आणि प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार असावेत. यातला ‘प्रोग्राम’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कारण प्रोग्राम तुमच्या नावाने धावतो आणि तुमचे सगळे अधिकार घेऊन धावतो, तुम्ही कितीही शहाणे असा.

घरगुती कॉम्प्युटरला हे सगळं माहीतच नव्हतं. डॉसमध्ये वापरकर्ता ही भानगडच नव्हती. विंडोज ९५ पासवर्ड विचारायची, पण ‘कॅन्सल’ दाबलं तरी आत घ्यायची! ऑफिसांसाठीच्या विंडोज एनटीमध्ये १९९३पासून खरी कुलपं होती. २००१मध्ये एक्सपीने तीच यंत्रणा घरात आणली आणि पहिल्याच खात्याच्या हाती सगळ्या किल्ल्या दिल्या. त्याला कारणही होतं. ९५च्या काळातली सॉफ्टवेअरं आपल्या सेटिंग्ज सिस्टीमच्या फोल्डरात कुठेही लिहायची. लिमिटेड खात्यात ती चालेनात. मायक्रोसॉफ्टने जुनी सॉफ्टवेअरं चालू ठेवली, सुरक्षितता मागे टाकली.

मराठी घरात आणखी एक अडचण होती. इंग्रजी एक्सपीत देवनागरी नीट दिसायला भाषेच्या सेटिंगमध्ये खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर हवा. डीटीपीचे मराठी फॉन्ट टाकायलाही तोच हवा. म्हणजे स्क्रीनवर स्वतःचं नाव आपल्या लिपीत पाहायचं तरी आधी मालक व्हायचं.

मग पेन ड्राइव्ह आले. गाणी भरून आणायची, ड्राइव्हवर डबल क्लिक करायचं, आणि लपलेली ऑटोरन फाइल व्हायरसला उठवायची. तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उठायचा: सिस्टीममध्ये घर करायचा, अँटिव्हायरस बंद पाडायचा. फेब्रुवारी २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीतलं पेन ड्राइव्हचं ऑटोरन अपडेटमधून बंद केलं, पण ज्या घरात इंटरनेटच नाही तिथे अपडेट कुठून येणार?

लिमिटेड खातं असतं तर सिस्टीम आणि इतरांच्या फाइली बऱ्याच अंशी वाचल्या असत्या (डिस्क एनटीएफएस असेल तर, एफएटी३२वर तेही नाही). स्वतःचे फोटो मात्र वाचले नसते. ते तुमचेच, म्हणून तुमच्या नावाने धावणाऱ्या व्हायरसचेही.

व्हिस्टाने २००७मध्ये वेगळी वाट धरली: ॲडमिनिस्ट्रेटरनेही साध्या अधिकारांवर काम करायचं, गरज पडली की स्क्रीन अंधारून विचारणार. लोक वैतागले, कित्येकांनी ते बंदच केलं. २००८मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस यांनी जाहीरपणे सांगितलं की वैताग देणं हाच हेतू होता. ग्राहक वैतागतील, मग सॉफ्टवेअर लिहिणारे उगाच अधिकार मागणं सोडतील. उद्धट वाटतं, पण पुढे सॉफ्टवेअरं सुधारली.

लॅपटॉप असेल तर आजही दोन खाती करा. ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं, त्याचा पासवर्ड घरातल्या डायरीत. रोजचं खातं ‘स्टँडर्ड’. तुमचा धाकटा भाऊ गेमचं क्रॅक शोधत असेल तर त्याला तिसरं.

तुमच्या फोनवर मात्र हे आधीच झालंय. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि तिथे साधारणपणे प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो. म्हणून एखादा गेम तुमच्या बँकेच्या ॲपच्या खासगी फाइली उघडू शकत नाही. फोटोंसाठीसुद्धा परवानगी मागावी लागते. १९७५चा नियम इतका काटेकोर घरच्या कॉम्प्युटरवर कधी पाळला गेला नव्हता, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

फक्त शून्य क्रमांकाचं खातं तुम्हाला दिलेलं नाही. एक्सपीत निदान निवड तुमची होती. इथे ती फोन बनवणाऱ्याने करून ठेवलीय, आणि डायरीत लिहायला पासवर्डही नाही. फोनसोबत आलेलं, तुम्ही कधीच न मागितलेलं एखादं ॲप लांब दाबून धरा. बऱ्याचदा ‘अनइन्स्टॉल’ दिसणार नाही, ‘डिसेबल’ दिसेल, आणि कधीकधी तेही नाही.