शेषाद्री, रेव्हरंड नारायण
(मृत्यू १८९१). मराठवाड्यातील ख्रिस्ती मिशनकार्याचे एक प्रवर्तक. आजच्या जालना जिल्ह्यात त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. जन्म ब्राह्मण कुटुंबात. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनकडून बाप्तिस्मा. मिशनकडे गेलेला धाकटा भाऊ श्रीपत यास न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. त्याच्या शुद्धीकरणासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि पुढे तेच प्रकरण अधिक गाजले. नारायण मात्र मागे फिरले नाहीत. १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल वसले. तेथील नवख्रिस्ती बहुतांशी मांग समाजाचे होते. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाला स्वर्गापर्यंत पोहोचणारी शिडी बेथेल येथेच दिसते. तिचा पाय जमिनीवर टेकलेला आहे. वसाहतीचा क्रमही तसाच म्हणावा लागेल: प्रार्थनेबरोबर शाळा, शेती आणि हातचे कसब. मरणोत्तर सुखाच्या आशेवर आजची विपन्नता सोसावी, अशी शिकवण तिथे नव्हती. अस्पृश्य मानलेल्यांसोबत एका ब्राह्मणाने आयुष्य काढणे, हे त्या काळी प्रवचनाहून जड होते. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले. परदेशप्रवासातच जहाजावर त्यांचे निधन झाले.