स्थूलतेचे मोजमाप आणि पुणे जिल्ह्यातील सहा गावे

भारतीय वैद्यकात स्थूलतेचा विचार फार जुना असून, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंची सविस्तर चर्चा आढळते. अतिप्रमाणात घेतलेला गुरू, मधुर व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप आणि बीजस्वभाव, म्हणजे आई-वडिलांकडून आलेली प्रकृती, अशी कारणे तेथे दिली आहेत. अतिस्थूलाचा जठराग्नी तीव्र असल्याने त्याला वारंवार भूक लागते, हे ओळखून त्याला पचायला जड, पण शरीराची पुष्टी न करणारे अन्न द्यावे, असा उपायही सुचवला आहे. मात्र ही स्थूलता लोंबणाऱ्या पोटावरून, म्हणजे नजरेनेच, ओळखली जाई.

आकड्यांनी ओळखण्याची पद्धत युरोपातून आली. प्रौढांचे वजन सर्वसाधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी १८३२ मध्ये मांडले. त्यांना शोध होता तो सरासरी माणसाचा, चरबीचा नव्हे. वजनाच्या किलोग्रॅमना उंचीच्या मीटरमधील वर्गाने भागून येणाऱ्या या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले आणि पुढे २५ व ३० या मर्यादा जगभर रूढ झाल्या. हे गुणोत्तर वजन सांगते, पण त्यात स्नायू किती आणि चरबी किती हे सांगत नाही, आणि भारतीय शरीराच्या बाबतीत नेमकी हीच उणीव महागात पडली.

ती उघड करण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवली. या शेतकरी स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि त्यांच्या बाळांचे सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. कॅलिपर या चिमट्यासारख्या उपकरणाने खवाट्याखालच्या त्वचेची घडी मोजली तेव्हा अनपेक्षित गोष्ट आढळली: पुण्याच्या बाळाचे स्नायू आणि पोटातील अवयव पुष्कळ लहान होते, परंतु त्वचेखालची चरबी जवळजवळ टिकून होती. वरून कृश दिसणारे हे मूल आतून तुलनेने मेदस्वी होते, आणि मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराची घडण गर्भातच सुरू झाली होती.

हाच भेद प्रौढांमध्येही दिसतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध होण्याची शिफारस केली. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली. घरातल्या साध्या टेपने होणारे हे मोजमाप वजनकाट्यापेक्षा अधिक बोलके आहे.

गोड-तेलकट पदार्थ आणि बैठे काम यांचा दोष यामुळे जराही कमी होत नाही, कारण अशा शरीरावर पुढे पडणारी चरबीची भर अधिकच घातक ठरते. तरीही केवळ शाळकरी मुलांच्या डब्यावर बोट ठेवून भागणारे नाही. त्या सहा गावांत बाळाच्या आकाराशी आईच्या आहारातील एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा संबंध अधिक स्पष्ट दिसला, तर शेतीचे व घरचे जड कष्ट उपसणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान भरली. बहुतेक स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. म्हणूनच या मातांच्या वाढत्या वयातील मुलामुलींना, म्हणजे भावी आई-वडिलांना, ब-१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये त्याच गावांत सुरू झाला. स्थूलतेचा प्रतिबंध मुलीच्या ताटापासून, तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी, सुरू करावा लागेल, हा या साऱ्या संशोधनातून निघणारा निष्कर्ष महाराष्ट्राच्या आरोग्य धोरणाने गांभीर्याने घेतला पाहिजे.