जादा पोलीस बसले, पण पगार कोणाच्या खिशातून?

पोलिसांच्या इतिहासावर काम करायचं ठरलं की आपण काय शोधतो? पथक कधी निघालं, प्रमुख कोण, काम काय. ते लागतंच. पण वहीच्या पहिल्या पानावर आणखी एक प्रश्न लिहून ठेवा: त्या पथकाचा पगार कोण देत होतं?

पुण्याचंच बघा. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मारेकरी हाती लागायच्या आधीच सरकारने शहरावर जादा पोलीस बसवले आणि खर्च टाकला शहरवासीयांवर. इंग्रजी कागदांत याला 'प्युनिटिव्ह पोलीस' म्हणतात.

आता या पथकाचं काम काय? कागदावर शांतता राखणं. पण खर्चाचा रकाना वाचला की दुसरं काम दिसतं. वसुली हीच शिक्षा होती. ज्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता, त्यांनीही ती भरायची. प्लेगने आधीच मोडलेल्या शहराला हा भुर्दंड किती जाचला असेल, याचा अंदाज करा. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'तला अग्रलेख याच दिवसांतला, ६ जुलैचा.

इथे एक खड्डा आहे, मीही त्यात पडलो. पोलीस म्हटलं की आपण १८६१ चा कायदा उघडतो. त्यातही जादा पोलिसांचं कलम आहे, त्यामुळे शंका येत नाही. पण मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना तेव्हा १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा लागू होता. माझं एक प्रकरण त्यापायी पुन्हा लिहावं लागलं. कायदा वाचण्याआधी तो कुठे लागू होता ते बघा.

दुसरी गोष्ट आपल्या मुखेडची. १८९७ ला मुखेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथे ना १८६१ चा कायदा, ना १८९० चा. हैदराबाद शहराचा कोतवाल वेगळा, जिल्ह्यांचे पोलीस वेगळे, जहागिरींची व्यवस्था आणखी वेगळी. म्हणून पुण्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधायचे, तर आपल्या भागाचे हैदराबादला, आणि तेही बरेचसे फारसी-उर्दूत. मराठवाड्यावर काम करणार असाल तर उर्दू लिपी आत्ताच शिकायला घ्या.

हा विषय जुना झाला म्हणू नका. १९५१ च्या पोलीस अधिनियमातही, जो आज आपल्याला लागू आहे, दोन वाटा आहेत. कलम ४७ मध्ये कोणी स्वतः अर्ज करून, पैसे भरून जादा पोलीस मागतो. कलम ५० मध्ये शांततेला धोका आहे म्हणून सरकार ते नेमतं आणि खर्च रहिवाशांकडून वसूल होऊ शकतो. पोलीस तेच, गणवेश तोच. पण एकीकडे पैसे देणारा गिऱ्हाईक असतो, दुसरीकडे संशयित.

म्हणून सांगतो, आदेश वाचून थांबू नका. वसुलीची यादी मागा. सरकार कोणाला गुन्हेगार समजत होतं, ते तिथे नावानिशी सापडतं.