तालमीनंतरचे शिक्षण : इंदूर-देवासचे दोन दाखले

संगीताच्या उच्च शिक्षणातून काय निपजावे? गुरूच्या गायकीची हुबेहूब प्रत, की नवा विचार? विद्यापीठांतून आजही चालणाऱ्या या वादाला आपल्या माळव्याने विसाव्या शतकातच उत्तर दिले आहे.

पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या 6 भागांत छापल्या. 1918 साली ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय निघाले, 1926 साली लखनौचे. विद्या सर्वांना खुली झाली, हे उपकार थोडे नव्हेत. मात्र जे छापता येते तेच परीक्षेत विचारायचे आणि तेवढेच शिकवायचे, असा पायंडाही त्यातून पडत गेला.

उस्ताद अमीर खाँ (1912–1974) आपल्या इंदुरात वाढले. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारातले सारंगीवादक. त्यांनी मुलाला मेरुखंडाची तालीम दिली. निवडलेल्या स्वरांच्या जेवढ्या शक्य तेवढ्या मांडण्या घोटायच्या : 4 स्वरांच्या 24, तर 7 स्वरांच्या 5040. घोकणाऱ्याच्या हाती ही नुसती कसरत राहते. खाँसाहेबांनी तिच्यातून अतिविलंबित, चिंतनशील बढत घडवली. तराण्यातील बोल निरर्थक मानले जात. त्यांत फार्सी अर्थ दडला आहे, असे प्रतिपादन करून तो त्यांनी गाऊनही दाखवला.

पं. कुमार गंधर्वांना मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी घडवले. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य खरे, पण अनेक घराण्यांची विद्या त्यांनी जमवली होती. क्षयाने ग्रासलेले कुमारजी 1948 साली देवासला आले. गाणे बंद होते, कान उघडे होते. माळव्याच्या बायाबापड्यांची गीते ऐकताना रागांचे मूळ लोकधुनांत आहे, हे त्यांनी हेरले आणि धुनउगम राग सिद्ध केले. 1965 साली 'अनुपरागविलास' निघाला. चिजा स्वरलिपीत छापण्याची रीत तीच. पण येथे बंदिशी स्वतःच्या होत्या.

दोघांचीही तालीम पक्की होती. तिच्यापाशी ते थांबले नाहीत, एवढाच फरक. आणि तोच मोठा. आपल्या मुलांनी पदवीच्या अखेरच्या वर्षी पाठ चिजांबरोबर एक स्वतः टिपलेली धुन आणि एक स्वतः बांधलेली बंदिश परीक्षकांपुढे ठेवावी. ती कच्ची असेल, तरी चालेल. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांनी एवढा आग्रह धरायला काय हरकत आहे?