डोंगर, भराव आणि जबाबदारी : लॉस अँजेलिसच्या उतार-नियमांचा इतिहास

नगररचनेच्या इतिहासकाराचे लक्ष सामान्यतः रस्ते, उद्याने आणि इमारती यांच्याकडे असते. ज्या जमिनीवर हे सारे उभे राहते ती जमीन कोणी व कशी तयार केली, याची चौकशी क्वचितच केली जाते. सपाट प्रदेशातील शहरांच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ क्षम्य मानता येईल. परंतु ज्या शहरांनी डोंगर तासून घरांसाठी सपाट्या निर्माण केल्या, त्यांचा इतिहास या चौकशीवाचून अपुरा राहतो. कॅलिफोर्नियातील लॉस अँजेलिस हे अशा शहरांचे ठळक उदाहरण होय. डोंगरउतारावरील खोदाई व भराई यांच्यावर नियंत्रण ठेवणारा तेथील १९५२ सालचा नियम हा अमेरिकेतील त्या प्रकारचा पहिला नगरनियम मानला जातो. १९५२ ते १९६९ या काळात त्या नियमाच्या मजकुरात काय बदलले आणि त्या बदलाने काय साधले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सांता मोनिका पर्वताची रांग या शहराच्या पोटातूनच गेलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकसंख्या झपाट्याने वाढली, सपाटीवरील मोकळी जमीन आटत गेली, आणि माती हलविणारी अवजड यंत्रे युद्धकाळातील अनुभवामुळे अधिक समर्थ होऊन कंत्राटदारांच्या हाती आली. पूर्वी डोंगरावर घर बांधणारा मनुष्य डोंगराच्या कलाने घर बांधीत असे. आता डोंगरालाच घराच्या कलाने वळविता येऊ लागले. माथा खरवडावयाचा, निघालेली माती शेजारच्या घळीत लोटावयाची, आणि अर्धी कापलेली व अर्धी भरलेली अशी सपाटी विकावयाची, ही रीत रूढ झाली. त्या भरावाखाली झाडझाडोरा तसाच राही. भराव थराथराने दाबला जात नसे. पाण्याला वाट ठेवलेली नसे. कोरड्या उन्हाळ्यात अशी सपाटी भक्कम दिसते. जानेवारी १९५२ मधील वादळी पावसाने तिची परीक्षा घेतली. भराव वाहून गेले, कापलेले उतार ढासळले, आणि चिखल खालच्या घरांत शिरला. त्याच वर्षी नियम आला.

येथील खडकाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात डोंगर म्हटला की सह्याद्रीचे चित्र उभे राहते. दख्खनचे बेसाल्टचे थर बहुतांशी आडवे आहेत; म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आलेला आहे. सांता मोनिका पर्वतात शेल व तत्सम गाळाच्या खडकांचे थर पुष्कळ ठिकाणी तिरपे कललेले आहेत. कलत्या फळीवर पोथ्यांची चळत ठेवावी आणि खालच्या कडेचा टेकू काढून घ्यावा, तसा प्रकार तेथे होतो. थर ज्या दिशेने कलले आहेत त्याच दिशेला उताराचा पायथा कापला, तर वरचे थर आधार गमावतात. पावसाचे पाणी मधल्या चिकणमातीच्या पातळ थरात मुरले की घसरण सुरू होते. यावरून असे दिसेल की, उताराचा कोन ठरविणे म्हणजे उताराची सुरक्षितता ठरविणे नव्हे. एकाच कोनात कापलेल्या दोन उतारांपैकी एक शतकभर टिकेल, दुसरा पहिल्याच पावसाळ्यात जाईल.

१९५२ च्या नियमाने मुख्यतः कोनाचा विचार केला होता. खोदाईसाठी परवाना आवश्यक झाला, उतारांना मर्यादा आल्या, भरावाच्या घनतेची कसोटी आली आणि मृदा-अभियंत्याची गरज मान्य झाली. प्रारंभीच्या नियमांत १:१ चा, म्हणजे ४५ अंशांचा, कापीव उतार चालत असे. आज त्या शहरात सर्वसाधारण मर्यादा २:१, म्हणजे सुमारे २७ अंश, आहे. या अंकांच्या वाचनाविषयी विद्यार्थ्यांना सावध करणे इष्ट वाटते. अमेरिकन लेखनात आधी आडवे अंतर व मग उंची लिहितात. आपल्याकडे क्रम उलटा आहे. महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमावलीत १:५ हून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई असते, तेथे १ ही उंची आणि ५ हे आडवे अंतर. हा उतार जेमतेम ११ अंशांचा. अर्थात दोन्ही नियमांचा हेतूही भिन्न आहे. आपला नियम अमुक उतारावर बांधूच नका असे म्हणतो; लॉस अँजेलिसचा नियम बांधा, पण अमुक रीतीने डोंगर कापा, असे म्हणतो. पहिला नियम निषेधाचा, दुसरा कारागिरीचा. दोहोंची तुलना केवळ अंकांवरून करणे म्हणूनच निरर्थक ठरते.

‘ग्रेड’ हा शब्दही या संदर्भात लक्षणीय आहे. लॅटिनमधील पायरी या अर्थाच्या शब्दापासून तो आला. इंग्रजीत त्याने उताराचे प्रमाण दर्शविले जाते, जमिनीची पातळी दर्शविली जाते, आणि क्रियापद म्हणून तोच शब्द जमीन हवी त्या पातळीला आणण्याच्या कामाला लावला जातो. त्यामुळे ‘नैसर्गिक’ पातळी कोणती आणि ‘तयार’ पातळी कोणती, याची व्याख्या केल्यावाचून नियमाला पाऊल टाकता येत नाही. एकदा तासलेली जमीन दुसऱ्या मालकाने पुन्हा तासली, तर तिची नैसर्गिक पातळी कोणती धरावी? हा प्रश्न शब्दच्छलाचा दिसतो खरा; पण त्याच्या उत्तरावर घराची उंची आणि मातीचे परिमाण अवलंबून असते.

या पहिल्या नियमातील खरी उणीव मात्र व्याख्येची नव्हती. १९५२ नंतरच्या दशकात भूवैज्ञानिकाचा सल्ला घेतला जाई, पण तो मर्यादित प्रमाणात; आणि त्या सल्ल्याला कायद्याने ना दर्जा दिला होता, ना त्याची जबाबदारी कोणावर ठेवली होती. नकाशा मंजूर झाला की तपासणीचा मोठा भाग संपे. परंतु डोंगराच्या पोटातील थर प्रत्यक्ष दिसतात ते यंत्राने पहिला काप घेतल्यावर. ज्या क्षणी खरी माहिती उपलब्ध होते, त्या क्षणी ती वाचणारा जाणकार कामाच्या जागी हजर असणे बंधनकारक नव्हते.

माहिती असणे आणि ती वाचण्याचे बंधन असणे यांत किती अंतर आहे, हे शहराच्या हद्दीबाहेरील पालोस व्हर्डेस टेकड्यांवर १९५६ साली दिसून आले. पोर्तुगीज बेंड नावाच्या वसाहतीखाली एक प्राचीन भूस्खलन होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाच्या नकाशात ते दाखविलेलेही होते. असे असता त्यावर घरे झाली, सांडपाणी जमिनीत मुरत राहिले, आणि लॉस अँजेलिस परगण्याने क्रेनशॉ मार्ग वाढविताना त्या जुन्या स्खलनाच्या वरच्या भागावर भराव घातला. जमीन हलू लागली. शंभराहून अधिक घरे गेली. रहिवाशांनी परगण्यावर दावे लावले. १९६५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्बर्स खटल्यात असा निर्णय दिला की, सार्वजनिक कामामुळे मालमत्तेला प्रत्यक्ष इजा झाली असेल, तर ती आधी कल्पिता येण्याजोगी होती की नाही हे न पाहता भरपाई देय आहे. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट त्यामुळे उरली नाही.

तत्पूर्वीच, १९६३ साली, लॉस अँजेलिस शहराने आपला नियम नव्याने लिहिला होता. माझ्या मते या इतिहासाचा कळस १९५२ नसून १९६३ आहे. नव्या नियमाने मृदा-अभियंता व भूवैज्ञानिक हे दोघेही आराखड्याच्या वेळी तर आवश्यक केलेच, शिवाय प्रत्यक्ष काम चालू असतानाही आवश्यक केले. आणि आराखडा करणारा अभियंता, मृदा-अभियंता व भूवैज्ञानिक या तिघांनाही कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागली. पूर्वीचा अहवाल हे मत होते. आता सहीनिशी दिलेले विधान ही एक कृती झाली, आणि तिचे परिणाम विधान करणाऱ्याला चिकटले. पुढे १९६८ साली कॅलिफोर्निया राज्याने भूवैज्ञानिकांच्या नोंदणीचा कायदा केला, तो याच दिशेने.

१९६९ च्या जानेवारी-फेब्रुवारीतील अतिवृष्टीने तुलनेची दुर्मिळ संधी दिली. भूवैज्ञानिक जेम्स स्लॉसन यांनी शहरातील डोंगरी जागांचे तीन गट पाडून हानीची गणना केली. १९५२ पूर्वीच्या सुमारे १०,००० जागांपैकी १,०४० जागांची हानी झाली. १९५२ ते १९६२ मधील सुमारे २७,००० पैकी ३५० जागांची. आणि १९६३ नंतरच्या सुमारे ११,००० पैकी अवघ्या १७ जागांची. म्हणजे प्रमाण शेकडा १०.४, १.३ आणि ०.१५.

हे आकडे पाठ्यग्रंथांतून वारंवार उद्धृत होतात. तथापि ते डोळे झाकून स्वीकारू नयेत. जुन्या उतारांनी झीज सोसलेली होती, नवे उतार ताजे होते. भरावातील गटारे तुंबावयास आणि पाणी खोलवर मुरावयास काळ लागतो. तेव्हा सहा वर्षांच्या उतारावरून त्याच्या आयुष्याचे भाकीत करता येत नाही. उलट बाजूनेही एक मुद्दा आहे. सोप्या जागा बहुधा आधी संपतात, म्हणून नंतरच्या जागा अधिक बिकट असण्याचा संभव मोठा. १९५२ पूर्वीच्या ज्या जागा १९६९ पर्यंत शिल्लक होत्या, त्या तर आधीच्या पावसाळ्यांतून तगलेल्या होत्या. हे सारे जमेस धरूनही पहिल्या व तिसऱ्या गटांतील सुमारे सत्तरपट अंतर केवळ वयाने समजावून देता येईल, असे मला वाटत नाही.

पण या यशाचा दुसरा परिणाम कमी चर्चिला जातो. डोंगर सुरक्षितपणे कापता येतो हे सिद्ध झाल्यावर तो कापण्याचा वेग मंदावण्याचे कारण उरले नाही. नियमाचा प्रश्न ‘उतार टिकेल काय’ एवढाच होता. ‘उतार कापावा काय’ हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. तो दुसऱ्या दाराने आत आला. १९७० च्या राज्य पर्यावरण कायद्याची व्याप्ती १९७२ च्या ‘फ्रेंड्स ऑफ मॅमथ’ निर्णयाने सरकारी परवान्यावर होणाऱ्या खासगी कामांपर्यंत वाढली, आणि डोंगरावरील प्रकल्पांच्या छाननीत शेजाऱ्यांना आपले म्हणणे मांडण्यास आधार मिळाला. लॉस अँजेलिसने खोदाईच्या परिमाणावरच मर्यादा घातली ती २०११ च्या नियमाने : ५०० घनयार्ड, अधिक भूखंडाच्या चौरस फुटांतील क्षेत्रफळाच्या ५ टक्क्यांइतका आकडा, आणि त्यावर विभागानुसार कमाल सीमा. प्रथम नियमापासून येथवर ५९ वर्षे लागली.

पोर्तुगीज बेंडचा भाग १९७३ मध्ये स्थापन झालेल्या रँचो पालोस व्हर्डेस या नगराच्या हद्दीत आला. त्या नगराने १९७८ साली स्खलनक्षेत्रातील नव्या बांधकामावर स्थगिती घातली. रिकाम्या भूखंडांच्या काही मालकांनी तिला आव्हान दिले, आणि २००८ साली राज्याच्या अपील न्यायालयाने मंक्स खटल्यात त्यांच्यापुरती ती स्थगिती म्हणजे भरपाईवाचून मालमत्ता हिरावून घेणे होय, असा निकाल दिला. २०२३ व २०२४ च्या पावसाळ्यांनंतर त्या परिसरातील जमिनीची गती पुन्हा वाढली. २०२४ साली अनेक घरांचा वायू व वीजपुरवठा तोडावा लागला, आणि लॉइड राइट यांनी उभारलेले, १९५१ पासूनचे वेफेअरर्स चॅपेल सुटे करून तेथून हलवावे लागले.