घोडबंदर, ग्लँडर्स आणि झटपट चाचणीचा अधिकार

१/ मीरा-भाईंदरच्या हद्दीत, वसईच्या खाडीकाठी घोडबंदर हे गाव आहे. येथे अरबी घोडे उतरत, म्हणून हे नाव पडले, असे परंपरा सांगते. सवारी, मालवाहतूक आणि लष्कर घोड्यावर चालत असे, त्या काळी एका रोगाची मोठी धास्ती होती : ग्लँडर्स. नाकातून चिकट स्राव, त्वचेवर गाठी व व्रण. हा रोग माणसालाही होतो आणि उपचार न झाल्यास बहुधा जीव घेतो.

२/ लक्षणे दिसेपर्यंत एक घोडा सारा तबेला बाधित करू शके. लपलेला रोग ओळखणारी चाचणी हवी होती. १८९०-९१ च्या सुमारास रशियन साम्राज्यात हेल्मन आणि काल्निंग यांनी रोगजंतूंपासून ‘मॅलीन’ हा अर्क सिद्ध केला. या कामातच काल्निंगला ग्लँडर्स जडला आणि त्याचा मृत्यू झाला.

३/ पुढे मॅलीन पापणीत टोचण्याची रीत रूढ झाली. दोन दिवसांत डोळा सुजून पू आला, तर घोडा बाधित. सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको; निकाल तबेल्यातच.

४/ हिंदुस्थानात १८९९ साली ‘ग्लँडर्स आणि फार्सी अधिनियम’ आला. अधिसूचित भागात निरीक्षकाला झडतीचा आणि घोडा ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला. पशुवैद्याने रोगी ठरवलेला घोडा मारला जाई. टांगेवाल्याच्या घरची भाकरी त्या निर्णयावर टांगलेली असे.

५/ आणि चाचणी निर्दोष नव्हती. रोगाने खंगलेला घोडा कधी प्रतिक्रियाच देत नसे. उलट, मॅलीन टोचल्यामुळे निरोगी घोड्याची नंतरची रक्तचाचणीही फसू शके. एक चूक तबेला बुडवी, दुसरी कुटुंब.

६/ हा प्रश्न इतिहासजमा झाला, असे वाटत असतानाच २००६ मध्ये पुणे आणि पाचगणी येथील घोड्यांत ग्लँडर्स आढळला. पाचगणीत पर्यटकांना फिरवणारा घोडा हेच अनेकांचे पोट.

७/ २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक केंद्रीय कायद्याने ११० वर्षांचा जुना अधिनियम रद्द केला. आज संशयित घोड्याचा रक्तनमुना हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. जागतिक पशुआरोग्य संघटनाही प्राण्याला होणाऱ्या त्रासामुळे मॅलीनची सर्वसाधारण शिफारस करत नाही. नमुना थंड ठेवून पाठवणे अशक्य असलेल्या दुर्गम भागापुरती तिची उपयुक्तता मान्य करते.

८/ आता अनेक पशुरोगांसाठी काही मिनिटांत रेघ दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला : त्या रेघेला अधिकार किती? मॅलीनचा इतिहास एक विभागणी सुचवतो. झटपट निकालावर जनावर तात्काळ वेगळे बांधावे. त्याचा जीव घेण्याचा निर्णय मात्र प्रयोगशाळेच्या पुष्टीनंतरच व्हावा, आणि मालकाला भरपाई वेळेवर मिळावी. भरपाईचा भरवसा नसेल तर मालक जनावर लपवतो. लपवलेल्या जनावरापुढे कोणतीही चाचणी निरुपयोगी ठरते.