गोंदर, सातवीचं रोस्टर

आधी घड्याळ लावून घ्या. तुमच्या मनगटावर सकाळचे सात वाजलेत, इथे एक वाजलाय. दिवस उजाडला की तास मोजायला सुरुवात होते, म्हणून सगळं सहा तासांनी सरकलेलं. आता तारीख. तुमच्या हिशेबानं 21 जून 1968, शुक्रवार. वर्गातल्या फळ्यावर मात्र सेने महिन्याची 14 तारीख आहे आणि साल 1960. तेरा महिन्यांचं हे पंचांग इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागून चालतं.

तुम्ही इथिओपियातल्या गोंदरमध्ये सातवीचे मास्तर आहात. साताऱ्याकडचे, बी.एस्सी., बी.टी. सम्राट हैले सेलासींच्या सरकारनं देशभर शाळा काढल्या आणि शिकवायला माणसं कमी पडली, तेव्हा हिंदुस्थानातून शिक्षक मोठ्या संख्येनं आले. 1962 पासून अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक योजनेतून तरुण मुलंमुलीही शिकवायला येताहेत. त्यांची दोन वर्षं होतात आणि ती परत जातात. तुमच्यासारखे करार वाढवत राहतात.

शाळेकडे जाताना निलगिरीच्या ओल्या पानांचा वास येतो. रात्रभर पाऊस झालाय, वाटेवर घोटाभर चिखल. डावीकडे सम्राट फासिलादासचा किल्ला. 1636 च्या सुमाराला त्यानं इथे राजधानी केली. त्याच्या थोडं आधी जेझुइट पाद्र्यांबरोबर चुन्याचं बांधकाम या मुलखात आलं, आणि त्या कामात हिंदुस्थानातले गवंडीही होते. या गावात कामाला आलेले तुम्ही काही पहिले हिंदी नव्हेत. किल्ल्यापाशी पोचलात की हे आठवून बरं वाटतं.

शिक्षकांच्या खोलीत सम्राटांची तसबीर आहे, आणि तिच्याखाली लांब टेबलावर पसरलेलं रोस्टर. चार हात लांब कागद. डावीकडे मुलांची नावं, मग एकेका विषयाचा रकाना, शेवटी बेरीज, सरासरी आणि नंबर. नावांना आडनाव नसतं. मुलाचं नाव आणि त्यापुढे बापाचं, एवढंच. तुम्हाला याची सवय लगेच झाली, आपल्याकडेही बापाचं नाव मध्ये असतंच. गोऱ्या सहकाऱ्यांचा मात्र वर्षभर गोंधळ उडतो, ते बापालाच हाक मारतात.

बेरजा हातानंच करायच्या. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. प्रगतिपुस्तकावर नंबर लिहिला जातो आणि गावभर तो नंबरच सांगितला जातो, म्हणून दशांश चिन्हानंतरचा आकडाही दोनदा तपासायचा. दाराशी दोघं-तिघं घुटमळताहेत. एक गुण वाढवून मागायला आलेत. त्यांच्यावर रागावू नका. यातली बरीच मुलं लांबच्या खेड्यांतून येऊन इथे भाड्याच्या खोलीत राहतात, घरून आणलेलं धान्य पुरवून खातात आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतात. नापास झालं की खोली सुटते.

आता विज्ञानाचा गठ्ठा घ्या. सहावीपर्यंत ही मुलं अम्हारिकमध्ये शिकली. सातवीत एकदम सगळं इंग्रजीत आलं, आणि तेही तुमच्या तोंडून, साताऱ्याच्या उच्चारांत. प्रश्न होता, डोंगरउतारावरची माती का वाहून जाते. शेवटच्या बाकावरच्या मुलानं इंग्रजीत दोन मोडकी वाक्यं लिहिलीत आणि तिथेच अडकलाय. खाली समासात मात्र बारीक अक्षरांत अम्हारिक मजकूर आहे, सहा ओळी.

अम्हारिकचे मास्तर शेजारीच बसलेत. तुम्ही कागद पुढे सरकवता. ते वाचतात, मग तुम्हाला सावकाश सांगतात. झाडं तुटली की मुळांची पकड जाते. नांगर उताराच्या दिशेनं चालवला तर तासातूनच पाणी धावतं, आडवा चालवला तर अडतं. आमच्या शेताची वरची बाजू तीन पावसाळ्यांत उघडी पडली, खाली दगड दिसतात.

पुस्तकात यातलं निम्मंही नाही. नियम सांगतो, उत्तर इंग्रजीतच हवं. नियमामागचं कारणही खोटं नाही: बारावीनंतरची शालान्त परीक्षा इंग्रजीत होते, विद्यापीठही इंग्रजीतच चालतं. पण हा पेपर विज्ञानाचा आहे. या मुलाला माती कळते, आणि इंग्रजीचे गुण कापायला इंग्रजीचा रकाना वेगळा आहेच. पूर्ण गुण द्या. अम्हारिकच्या मास्तरांना समासात सही करायला सांगा, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर दोघांनी मिळून उत्तर देता येईल. त्यांनी सही केली, आणि तुमच्या चहात न विचारता साखरेचा दुसरा चमचा घातला.

दुपारी आठ वाजता, म्हणजे तुमच्या दोनला, आभाळ फुटतं. पत्र्यावर गारांचा असा मारा होतो की खोलीत बोलणं ऐकू येत नाही. जेवायला शिपायाच्या घरी. आज शुक्रवार, म्हणजे इथल्या ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा वार, शिवाय प्रेषितांचा उपवास चालू आहे. मांस, दूध, लोणी काही नाही. तुमच्यासारख्या शाकाहारी माणसाचं या दिवसांत उत्तम चालतं. टेफ या धान्याच्या आंबट, मऊ घावनावर, म्हणजे इंजेरावर, गरम शिरो वाढतात, थेट आपल्या पिठल्यासारखा. मग घरची बाई कॉफीच्या हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजते, कुटते आणि उकळते. तीन वेळा कप भरतात. पहिल्यावर उठून जाणं बरं दिसत नाही, तेव्हा बसा. रोस्टर कुठे पळत नाही.

परत येता तेव्हा व्हरांड्यात एक माणूस भिजलेली पांढरी शाल पिळत उभा आहे. अनवाणी, हातात काठी. शेजारी तोच शेवटच्या बाकावरचा मुलगा. निकालाला अजून वेळ आहे, पण पाऊस लागलाय, टेफ पेरायचंय, बापाला हाताखाली माणूस हवाय. तो विचारतो, मुलगा आपल्या शब्दांत तुम्हाला इंग्रजीत सांगतो: "माझे वडील विचारतात, मी पुन्हा इथे यायचं का."

तुम्ही त्याची ओळ शोधता, बोट आडवं सरकवत शेवटच्या रकान्यापर्यंत नेता. पास. भूगोल सोडून बावन्न मुलांत एकोणिसावा. तुम्ही मान हलवता आणि "हो" म्हणता. हे बापाला सांगायला मुलाची गरज पडत नाही. तो कमरेत वाकून दोन्ही हातांनी तुमचा हात धरतो, मग मुलाच्या डोक्यावर पिशवी ठेवतो आणि दोघं पावसातच निघतात.

भूगोलाचा रकाना अजून रिकामा आहे. दिवे जायच्या आत तो भरून घ्या.